एम.ए. समाजशास्त्राचा लघुप्रबंध : विषय, नमुना, क्षेत्रकाम, लेखन (कोल्हापूर परिसर)

रंकाळाकाठ

तिसरं सत्र सुरू झालं की "विषय सुचवा" हा प्रश्न दहा ठिकाणी विचारला जातो. उत्तरं एकत्र असावीत म्हणून हा धागा. नव्या रचनेत संशोधन प्रकल्पाला (म्हणजेच लघुप्रबंधाला) तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६ श्रेयांक आहेत. एवढं वजन दुसऱ्या कुठल्याच पेपरला नाही, तेव्हा तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

पुढच्या प्रकरणांतल्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच असतं : मथळा आधी ठरतो आणि प्रश्न नंतर शोधला जातो. "कोल्हापूर जिल्ह्यातील महिला बचत गटांचा समाजशास्त्रीय अभ्यास" हा साचा सगळ्यांना ठाऊक आहे. जिल्ह्यात बारा तालुके. गगनबावड्याच्या वाडीतला गट आणि इचलकरंजीलगतच्या यंत्रमागाच्या पट्ट्यातला गट यांच्यात नावापलीकडे फारसं साम्य नाही. एकट्या विद्यार्थ्याला, स्वतःच्या खर्चानं, चार-पाच महिन्यांत हे झेपत नाही. मग ओळखीच्या पन्नास जणी गाठल्या जातात, त्यांच्यावरून अख्ख्या जिल्ह्याबद्दल निष्कर्ष लिहिले जातात आणि तोंडी परीक्षेत "या पन्नास कशा निवडल्या?" इथेच गाडी अडते.

म्हणून आधी प्रश्न. उदाहरणार्थ : गटाचं कर्ज बाईच्या नावावर निघतं, पण ते कुठे घालायचं हे घरात कोण ठरवतं? हा प्रश्न एका गावात, एका हंगामात तडीस जातो. तो नीट आहे की नाही हे बघायला एक सोपा उपाय आहे. कागदाचे दोन भाग करा. एकीकडे "बाई ठरवते" असं उत्तर आलं तर पुढे काय लिहाल ते, दुसरीकडे "बाई ठरवत नाही" असं आलं तर काय लिहाल ते. दोन्हीकडे चार-चार ओळी सुचल्या नाहीत तर प्रश्न अजून पिकलेला नाही.

कागलची_मेघा

सर, नेमका हाच विषय मनात आहे. करवीर तालुक्यातलं एक गाव आहे. ग्रामसंघाच्या (गावातल्या बचत गटांच्या संघाच्या) यादीत २४ गट, प्रत्येकी ११ जणी, म्हणजे २६४. त्यातल्या ५० घ्यायच्या असं ढोबळ ठरलंय. दोन शंका आहेत. सक्षमीकरण मोजायचं कसं? आणि ५० पुरतील का?

पंचगंगेकाठी

मेघा, पहिल्या शंकेचं सांगते. अनुसूचीत (तू विचारून भरायच्या प्रश्नांच्या यादीत) "सक्षमीकरण" हा शब्द येऊच देऊ नकोस. नायला कबीर यांनी १९९९ साली केलेली विभागणी तुला उपयोगी पडेल : साधनं, कर्तेपण आणि हाती आलेलं फळ. गटाचं सदस्यत्व, कर्ज, बँकेचं खातं ही साधनं झाली. ती मिळाली म्हणजे कर्तेपण आलंच असं धरून चालणं ही या विषयावरच्या लघुप्रबंधांतली सर्वांत मोठी चूक. तुझा प्रश्न मधल्या पायरीवर आहे, त्यामुळे मोजायचंही तिथलंच.

"घरातले निर्णय कोण घेतं?" असं विचारलंस की बहुतेक जणी "आम्ही दोघं मिळून" म्हणणार. ते खोटं नसतं, पण त्यातून तुला काही कळत नाही. त्यापेक्षा एकच प्रसंग धर : शेवटचं कर्ज. किती रुपये, कुठल्या महिन्यात? कर्ज काढूया हे पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं? बँकेतून आणल्यावर त्या रात्री पैसे कुणाकडे होते, तिच्या डब्यात, नवऱ्याच्या खिशात की सासूच्या पेटीत? पैसे खरोखर कुठे गेले? हप्ता कुठल्या मिळकतीतून जातो, दुधाच्या बिलातून, भांगलणीच्या मजुरीतून की नवऱ्याच्या पगारातून? हप्ता चुकला तेव्हा बैठकीत उत्तर कुणाला द्यावं लागलं?

कर्जाचं कारण मात्र तिला विचारू नकोस. ते गटाच्या ठराव वहीत लिहिलेलं असतं, गटाची परवानगी घेऊन तिथूनच उतरून घे. वहीत "म्हैस खरेदी" आणि प्रत्यक्षात दिराच्या उसाचं खत, ही तफावत म्हणजेच तुझा अभ्यास. पण दोन्ही प्रश्न समोरासमोर विचारलेस तर बाईला वाटतं आपण पकडलो गेलो, आणि तिथून पुढची सगळी उत्तरं सावध होतात. ही तफावत गटातल्या कुणालाही, अध्यक्षांनाही, कळता कामा नये. त्या माहितीवर पुढचं कर्ज अडू शकतं.

आकडेमोड

नमुन्याचं मी घेतो. ५० हा आकडा कुठून आला ते सांगता येत नसेल तर तो टिकत नाही. नमुना किती मोठा हवा ते काढायला यामाने यांचं सूत्र सरसकट वापरलं जातं : एकूण संख्येला चुकीच्या मर्यादेच्या वर्गानं गुणा, त्यात १ मिळवा आणि येणाऱ्या आकड्यानं एकूण संख्येला भागा. १० टक्के मर्यादा धरली तर २६४ × ०.०१ = २.६४, अधिक १ = ३.६४, आणि २६४ ÷ ३.६४ म्हणजे ७३. ५ टक्के धरली तर १५९. एकटीनं करायचं तर ७३ रास्त आहे, मर्यादा १० टक्क्यांची आहे हे तेवढं स्पष्ट लिहा.

आता निवड. दर तिसरी घेतली तर ८८ होतात. दारं बंद असतात, कुणी माहेरी गेलेली असते, कुणी नको म्हणते. दहा-बारा गळाल्या तरी तुम्ही ७५ च्या वर राहता.

पण यादीचा क्रम तपासल्याशिवाय "दर तिसरी" लावू नका. गटाच्या यादीत पहिलं नाव अध्यक्षाचं, दुसरं सचिवाचं आणि मग बाकीच्या, असा रिवाज असतो. प्रत्येक गट १२ जणींचा असता आणि तुम्ही दर तिसरी मोजत गेला असता, तर प्रत्येक गटातून त्याच जागा आल्या असत्या : पहिली, चौथी, सातवी, दहावी. म्हणजे चोवीसच्या चोवीस अध्यक्षा नमुन्यात. आणि सुरुवात तिसरीपासून झाली असती तर एकही अध्यक्ष नाही, एकही सचिव नाही. ११ च्या गटांत जागा सरकत जातात म्हणून तुम्ही थोडक्यात वाचता, पण एखादा गट १२ चा निघाला की क्रम हलतो. अध्यक्षाचा बँकेशी संबंध रोजचा, साध्या सदस्याचा वर्षातून दोनदा. हे प्रमाण बिघडलं की निष्कर्षच फिरतो.

यावर उपाय म्हणून आधी दोन थर करा. ४८ पदाधिकारी एका यादीत, उरलेल्या २१६ दुसऱ्या यादीत. दोन्हींतून दर तिसरी : १६ आणि ७२, मिळून ८८. सुरुवात १ ते ३ पैकी कुठून करायची ती चिठ्ठी टाकून ठरवा आणि ती चिठ्ठी कधी, कुणासमोर काढली ते पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात नोंदवा.

एक उणीव तरीही राहते. ही यादी आज गटात असलेल्यांची आहे, सोडून गेलेल्या तिच्यात नाहीत. ज्यांना गट मानवला त्याच शिल्लक राहिल्या असण्याची शक्यता मोठी आहे. निदान मर्यादांमध्ये तरी ते लिहा.

कागलची_मेघा

थर करण्याचं डोक्यातच नव्हतं. आता ८८ घरं आणि मी एकटी. दिवस किती धरू? आणि गावात कुठल्या वेळी जायचं?

पंचगंगेकाठी

एका मुलाखतीला ४० मिनिटं धर. दिवसाला चारच्या वर जाऊ नकोस, पाचवीला तुझाच कान थकलेला असतो. हिशेबानं २२ दिवस होतात, बंद दारं धरून ३० ठेव.

हंगाम बघ. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठच्या गावात जाऊ नकोस. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका, आणि त्या दिवसांत लोकांचं लक्ष जनावरं हलवण्याकडे असतं. पुढे गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी. खरं काम दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर. तेव्हा गळीत हंगाम चालू असतो, पुरुष तोडीच्या आणि वाहतुकीच्या मागे असतात, दुपारी घरात बाई एकटी भेटण्याची शक्यता जास्त. सकाळी आणि संध्याकाळी डेअरीत दूध घालायची वेळ टाळ, तेव्हा कुणालाच बसायला सवड नसते. दुपारी दोन ते साडेचार ही वेळ उत्तम.

ओळख करून घ्यायला एकदा उमेदच्या (बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या) सीआरपी ताईंना, म्हणजे गावात गटांचं काम बघणाऱ्या ताईंना, बरोबर ने. एकदाच. रोज त्यांच्यासोबत फिरलीस तर तुझ्या कागदावर काय लिहिलं जातंय ते वर कळणार असा समज होतो आणि सगळे हप्ते वेळेवर भरले जायला लागतात! विभागाचं पत्र ग्रामपंचायतीत दे, त्याची पोच घे आणि एक प्रत पर्समध्ये ठेव.

उत्पन्नाचा प्रश्न थेट विचारायचाच नाही. २०२४ पासून लाडकी बहीण योजना आहे, तिला अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. कागद-पेन घेऊन कुणी दारात आलं की पहिली शंका "नाव कमी करायला आलेत का" हीच येते. तू कुठून आलीस, ही माहिती कुठे जाणार आणि कुठे जाणार नाही हे सुरुवातीलाच सांग. मिळकतीसाठी वेगळे प्रश्न ठेव : किती गुंठे बागायत, किती जिरायत, गेल्या हंगामात किती टन ऊस गेला, दुभती जनावरं किती, दुधाचं बिल दहा दिवसांचं साधारण केवढं येतं. हे आकडे लोक सहज सांगतात, कारण ते रोजच्या बोलण्यातले असतात. "मासिक उत्पन्न" शेतकरी घरात कुणी मोजत नाही.

प्रत्येक अनुसूचीच्या डोक्यावर एक चौकट ठेव : मुलाखतीवेळी आणखी कोण हजर होतं? सासू, नवरा, जाऊ, कुणी नाही. ही चौकट नंतर सोन्यासारखी कामाला येते. सासूसमोरची उत्तरं आणि एकटीची उत्तरं वेगळी काढून बघ. फरक दिसला तर ती स्वतंत्र नोंद आहे, चूक म्हणून झाकू नकोस.

आणि आधी सहा-सात जणींवर चाचणी घे, शेजारच्या गावात. मुख्य नमुन्यातल्या बायकांवर चाचणी घेतलीस तर त्यांची नावं पुन्हा वापरता येत नाहीत.

रंकाळाकाठ

एक भर. प्रश्नावली आणि मुलाखत अनुसूची यांत गल्लत नको. उत्तरदात्यानं स्वतः भरायची ती प्रश्नावली, संशोधकानं विचारून भरायची ती अनुसूची. मेघाचं साधन अनुसूची आहे. प्रकरण तीनमध्ये एका पानावर एक शब्द आणि दुसऱ्या पानावर दुसरा, असं फार होतं.

गडहिंग्लजची

माझा विषय वेगळा आहे. विधवा प्रथा बंद करायच्या हेरवाडच्या ठरावानंतर त्या प्रथांचं काय झालं? आकडे नकोत, सखोल मुलाखती करायच्या आहेत. दहा पुरतील का? आणि गावाचं नाव लपवायचं का?

रंकाळाकाठ

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला आणि १७ मे २०२२ ला राज्य शासनाचं परिपत्रक निघालं. हेरवाडचं नाव तुम्ही लपवूच शकत नाही, वाचणारा दुसऱ्या ओळीत ओळखेल. मग व्यक्तीची ओळख जपणं दुप्पट अवघड होतं. "माजी सदस्याची सून, वय ३४, दोन मुली" एवढ्यावरून गावात बाई ओळखू येते. माझं मत असं, की परिपत्रकानंतर तसाच ठराव केलेलं दुसरं एखादं गाव घ्या आणि त्याला टोपणनाव द्या. जिथून सुरुवात झाली तिथे पत्रकारांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं लोकांच्या तोंडी बसलेली असणार. दुसऱ्या गावात ठराव रोजच्या जगण्यात किती उतरला ते अधिक स्वच्छ दिसेल.

"प्रथा बंद झाली का?" असं विचारलंत तर "हो, ठराव झालाय" असं उत्तर येईल. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, या चार कृती एकेक करून घ्या. त्या दिवशी पुढे कोण आलं, थांबवलं कुणी, कुणी न बोलता बाजूला झालं, आणि तेराव्यानंतर काय झालं? घरातल्या समारंभात हळदीकुंकवाला बोलावणं आलं का? एकट्या विधवेशी बोलून हे पुरं होत नाही. बांगड्या फोडायला पुढे होणाऱ्या वयस्कर बायका, जावा, भाऊ, ग्रामसभेला हजर असलेले, सगळे हवेत. ठरावानंतर निधन झालेल्या घरांची संख्या मुळातच थोडी असेल, त्यामुळे दहा-बारा मुलाखती ठीक आहेत. मात्र नवीन काही येणं थांबलं की थांबायचं, आकडा पुरा झाला म्हणून नाही.

निधनाला वर्ष उलटलेलं नसेल तर त्या घरी जाऊ नका. मुलाखतीत बाईला रडू आलं तर रेकॉर्डिंग बंद करा, पाणी द्या, पुढचा प्रश्न विचारायचा की नाही हे तिला ठरवू द्या. संमती एकदा सही घेऊन संपत नाही. मुलाखत झाल्यावर "यातलं काय वापरू नको?" असं विचारा आणि ती सांगेल ते तिच्यासमोर खोडा.

शब्दवेल्हाळ

लिप्यंतराचा वेळ कुणी धरतच नाही. ४५ मिनिटांच्या १२ मुलाखती म्हणजे ९ तास ध्वनिमुद्रण. एका तासाला पाच-सहा तास लागतात, म्हणजे ५० तासांचं बैठं काम. प्रत्येक मुलाखत त्याच आठवड्यात उतरवा. महिन्यानं ऐकलं तर "तिकडं" म्हणताना तिनं कुठे बोट दाखवलं ते आठवत नाही.

आणि कृपा करून बोली पुसू नका. बाई म्हणाली "त्यास्नी काय इचारायचं, पैसं त्येंच्याच हातात", तर अवतरणात तेच राहू द्या. "निर्णयप्रक्रियेत माझा सहभाग नसतो" असं प्रमाण करून लिहिलंत की तिचं म्हणणं हरवलं. "पैसं त्येंच्याच हातात" यात पैसा कुठे असतो ते आहे, तुमच्या वाक्यात ते नाही. गडहिंग्लज-चंदगडकडच्या बोलीत कानडी शब्द येतील, त्यांचा अर्थ तळटिपेत द्या.

टंकन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमधून रूपांतर केलं की जोडाक्षरं आणि रफार फुटतात, आणि १२० पानांत ते हातानं शोधावे लागतात. उचलेगिरीच्या तपासणीबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत : १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पुढे १०–४०, ४०–६० आणि ६० च्या वर अशा पायऱ्या. इंग्रजी लेखातले परिच्छेद मराठीत उतरवून संदर्भ न देणं हीसुद्धा उचलेगिरीच, यंत्रानं पकडली नाही तरी. यंत्राकडून संदर्भ लिहून घेत असाल तर प्रत्येक लेख स्वतः उघडून बघा, अस्तित्वात नसलेले लेख त्यात बेमालूम मिसळलेले असतात.

जुनी_दप्तरं

ज्यांना घरच्या किंवा नोकरीच्या अडचणीमुळे गावोगाव फिरणं शक्य नाही त्यांच्यासाठी. कोल्हापुरात बसून दप्तरांवरचा लघुप्रबंध होऊ शकतो आणि त्याकडे फार कमी जण वळतात. १९०१ पासून इथे जातीजमातींची विद्यार्थी वसतिगृहं उभी राहिली : मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम बोर्डिंग, १९०८ चं मिस क्लार्क वसतिगृह. संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखणारा शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम याच काळातला. प्रश्न असा घेता येतो : जातवार वसतिगृहांनी शिक्षणाची दारं उघडताना जातीची चौकट सैल केली की पक्की? वार्षिक अहवाल, देणगीदारांच्या याद्या, प्रवेशाच्या अटी ही साधनं. कोल्हापूरचं १८८६ चं गॅझेटियर आणि १९६० चं गॅझेटियर शेजारी ठेवून जातींची वर्णनं कशी बदलली हेही बघता येतं. शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आणि कोल्हापूरचं पुराभिलेखागार, दोन्हीकडे आधी पत्र देऊन जा. मोडी येत नसेल तर छापील साधनांपुरतीच व्याप्ती ठेवा आणि तसं लिहा. अहवाल छापणाऱ्यानं ते देणगीदारांसाठी छापलेत, हे वाचताना विसरू नका.

आकडेमोड

विश्लेषणाबद्दल थोडं. ८० उत्तरं असताना एक बाई म्हणजे सव्वा टक्का. तिथे ३३.७५ टक्के असं दोन दशांशांपर्यंत लिहून अचूकता वाढत नाही, "८० पैकी २७" लिहा. तक्ता, त्याखाली तोच आलेख, त्याखाली तेच वाक्यात, अशी तिहेरी पुनरावृत्ती टाळा. वाक्यात तक्त्यामागचं कारण हवं.

काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींत संबंध आहे का ते तपासणारी) लावताना सारणीतल्या अपेक्षित वारंवारता बघा. ५ पेक्षा कमी अपेक्षित संख्येची घरं (सारणीतले चौकोन) २० टक्क्यांच्या वर गेली तर चाचणी भरवशाची राहत नाही. शिक्षणाचे पाच वर्ग आणि उत्तराचे पाच वर्ग केले की २५ घरं होतात, ८० जणी त्यांत वाटल्या की सरासरी घरटी तीन. म्हणजे सुरू होण्याआधीच संपलं. वर्ग एकत्र करा : सातवीपर्यंत आणि पुढे, स्वतः ठरवलं आणि इतरांनी ठरवलं.

लोकसंख्येची पार्श्वभूमी देताना २०११ च्या जनगणनेचे आकडे घ्याल, तर वर्ष प्रत्येक तक्त्यावर छापा. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे हे आकडे जुने आहेत हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

कागलची_मेघा

सगळ्यांचे आभार. मथळा असा केला : "बचत गटाच्या कर्जाचा वापर आणि घरातील निर्णय : करवीर तालुक्यातील एका गावाचा अभ्यास". ८८ जणी, दोन थर, दिवाळीनंतर क्षेत्रकाम. एकच गोष्ट खुपतेय, गट सोडून गेलेल्यांची. त्यांची यादी कुठेच नाही म्हणून मर्यादेत लिहून सोडावं लागेल का?

पंचगंगेकाठी

लगेच सोडू नकोस. बाई गट सोडते तेव्हा तिची साठलेली बचत परत द्यावी लागते आणि ती रक्कम गटाच्या रोखवहीत खर्चाला पडते. ठराव वही बघायची परवानगी मागशील तेव्हाच रोखवहीचीही माग. गेल्या तीन वर्षांतल्या "बचत परत" अशा नोंदी शोध, नाव आणि तारीख दोन्ही मिळतील. २४ गटांत मिळून जी काही नावं निघतील त्यातल्या पाच-सहा जणींकडे जा. अनुसूची नको, नुसतं बस. गट का सोडला हे लगेच विचारू नकोस, परत मिळालेले पैसे कशाला वापरले तिथून सुरुवात कर. या मुलाखती ८८ च्या आकड्यांत मिसळायच्या नाहीत, त्यांचं वेगळं छोटं प्रकरण कर.